सुका बांगडा खवट का होतो आणि शुक्राणू का दमतात

गेल्या मे महिन्यात माझा मावसभाऊ घरी आला. मालवणकडे एका ट्रॉलरवर इंजिन सांभाळतो, वय चौतीस, लग्नाला चार वर्षं झाली. ओटीवर बसून कोकम सरबत संपवलं, आंब्याच्या भावावर बोलून झालं, आणि आमची मंडळी आत गेल्यावर त्याने खिशातून चौघडी केलेला कागद काढला.

"दादा, डाक्टर म्हणता तुका स्ट्रेस आसा. माका कसलो स्ट्रेस? भूक लागता, झोप लागता. कर्ज काय, सगळ्यांकच आसता."

कागद वीर्यतपासणीचा होता. तळाला पेनने 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलेलं. त्यातला 'स्ट्रेस' तेवढा त्याला ओळखीचा वाटला, आणि नेमका तोच शब्द फसवा आहे. ही मनावरच्या ताणाची गोष्टच नाही. मी डॉक्टर नव्हे. आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. पण हा आजार अर्धा रसायनशास्त्राचाच, म्हणून मी आतून सुक्या मासळीचे दोन डबे मागवले. बायकोला वाटलं, भाऊ जेवायला थांबतोय.

एका डब्यात गेल्या वर्षीचे बोंबील. वाळून काठी झालेले, पण वासाला चांगले. दुसऱ्यात खारवलेले बांगडे, तेवढेच जुने. झाकण उघडल्याबरोबर नाकात चढणारा खवट वास आणि पोटाकडची बाजू पिवळट पडलेली. दोन्ही एकाच उन्हात वाळले, एकाच फळीवर राहिले. मग फरक कशाचा? बोंबलात चरबी अगदी थोडी. बांगडा तेलकट, आणि त्याचं तेल खास जातीचं. डॉक्टर ज्याला ओमेगा-३ म्हणतात ते. त्यातलं डीएचए हे मेदाम्ल हवेतल्या ऑक्सिजनपुढे फारच नाजूक. त्याच्या साखळीत सहा दुहेरी बंध असतात आणि दोन बंधांच्या मधल्या जागेतला हायड्रोजन सैल बसलेला असतो, कुणीही हिसकावून न्यावा असा. तो गेला की मेदाम्ल तिथे ऑक्सिजनशी जोडलं जातं, मोडतं, आणि त्याच्या तुकड्यांतून ती खवट वासाची रसायनं तयार होतात.

आता मुद्द्याची गोष्ट. पुरुषाच्या शुक्राणूचं बाहेरचं आवरण याच डीएचएने भरलेलं असतं.

असं का, याला कारण आहे. शुक्राणूला पोहायचं असतं. शेपूट वळवळायला आवरण लवचीक लागतं, आणि शेवटी अंड्याच्या आवरणात विरघळून एकजीव व्हायलाही ते मऊच हवं. तूप थंडीत थिजतं, माशाचं तेल थिजत नाही; तसाच हा हिशेब. म्हणजे जो गुण शुक्राणूला पोहायला लावतो, तोच त्याला खवट व्हायलाही सोपा करतो. बरेच जण हा ताण समजावताना गंजलेल्या लोखंडाचं उदाहरण देतात. वाईट नाही, पण गंज बाहेरून आत सावकाश चढतो. इथे घडतं ते बांगड्याच्या डब्यातलंच.

पण डब्यातला बांगडा मेलेला असतो, शुक्राणू जिवंत. जिवंत पेशीत हे सुरू कोण करतं?

शुक्राणूला डोकं, मधला भाग आणि शेपूट. डोक्यात बापाकडून द्यायचा वारसा म्हणजे डीएनए, आणि मधल्या भागाभोवती मायटोकाँड्रिया गुंडाळलेले. हे त्याचं इंजिन. इंजिन चाललं की थोडा धूर होणारच. मायटोकाँड्रियात ऊर्जा तयार होताना काही इलेक्ट्रॉन वाटेत सांडतात आणि ऑक्सिजनला चिकटतात. असा अर्धवट पेटलेला ऑक्सिजन म्हणजे सुपरऑक्साइड. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि जवळ लोहाचा अंश असला तर त्यातून हायड्रॉक्सिल मूलक नावाचा सर्वांत आडदांड प्राणी जन्मतो. या सगळ्या टोळीला सोप्या भाषेत आपण ठिणग्या म्हणू.

ठिणगी पडली तर लगेच सगळं जळत नाही. पण सड्यावरचं गवत मार्चमध्ये कसं वाळलेलं असतं ते कोकणात कुणाला सांगायला नको. एका बिडीच्या थोटकाने वणवा पेटतो आणि कातळ ओलांडून कलमांच्या बागेत शिरतो. मेदाम्लांचंही तेच. एकाचा हायड्रोजन गेला की तो शेजाऱ्याचा हिसकावतो, शेजारी पुढच्याचा. ही साखळी स्वतःहून थांबत नाही. म्हणून शहाणा बागायतदार बागेभोवती गवत काढून पट्टा मोकळा ठेवतो. शरीरातला असा पट्टा म्हणजे अँटिऑक्सिडंट: जीवनसत्त्व ई आवरणातच बसलेलं, जीवनसत्त्व सी बाहेरच्या द्रवात, शिवाय सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एन्झाइमं. आगीच्या वाटेत स्वतः उभी राहून ती ठिणगी विझवतात.

शुक्राणूची अडचण अशी की त्याच्या स्वतःच्या अंगात हे सामान फार थोडं. इतर पेशींत पेशीद्रव भरपूर असतो आणि ही एन्झाइमं त्यात राहतात. शुक्राणू तयार होताना वजन कमी करायला हा पेशीद्रव जवळपास सगळा टाकून देतो. लांब पोहायचं तर पडावात पिंपं कशाला? त्यामुळे त्याचं संरक्षण आजूबाजूच्या वीर्यद्रवावर अवलंबून. निसर्गाने त्याची सोय केली आहे: वीर्यद्रवात जीवनसत्त्व सी रक्तातल्यापेक्षा कित्येक पटीने जास्त असतं, यूरिक आम्ल आणि जस्तही असतं.

ठिणग्या जास्त आणि विझवणारे कमी, असा तोल बिघडला की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. एवढंच. टेन्शनशी नातं नाही.

हे नव्याने कळलेलं नाही. १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन मॅक्लाउड यांनी शुक्राणूंना भरपूर ऑक्सिजन दिला. प्राणवायू दिल्यावर ते जोमाने पोहतील असं कुणालाही वाटेल. झालं उलटं, त्यांची हालचाल मंदावली. त्याच द्रवात कॅटालेज घातलं, तेव्हा ते वाचले. कॅटालेजचं काम हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणं, म्हणजे गुन्हेगार कोण ते तिथेच सापडलं. पुढे १९८७ मध्ये जॉन एटकेन आणि सहकाऱ्यांनी माणसाचे शुक्राणू स्वतःच अशा ठिणग्या सोडतात हे दाखवलं. विशेषतः बिघडलेले शुक्राणू जास्त सोडतात, आणि खवट मेदाची उरलेली रसायनं पुन्हा मायटोकाँड्रियालाच चिकटून इंजिन आणखी धुरकट करतात. इंजिनातला काजळीचा फेरा मावसभावाला लगेच समजला. "म्हंजे एकदा धूर सुटलो की पिस्टन खराब, आणि पिस्टन खराब म्हणून धूर," तो म्हणाला. याहून चांगलं मला वर्गात कधी सांगता आलं नाही.

इथे एक गैरसमज आधीच काढून टाकतो. ठिणग्या म्हणजे नुसता शत्रू नव्हे. पावसाआधी आपण तरव्याच्या जागेत पालापाचोळा घालून भाजावळ करतो की नाही? तीही आगच, पण आखलेली, माणूस काठी घेऊन उभा. शुक्राणूलाही अंड्यात शिरण्याआधी शेवटचा बदल करून घ्यावा लागतो: आवरण सैल होतं, शेपूट जोराने फटके मारू लागतं, डोक्यावरची टोपी उघडते. या कामाला थोड्या ठिणग्या लागतातच. त्या पूर्ण पुसून टाकल्या तर शुक्राणू ठणठणीत पण निरुपयोगी राहतो. भाजावळ हवी, वणवा नको. गोळ्यांचा विषय येईल तेव्हा हे लक्षात ठेवा.

वणवा लावणारे कोण, हे मी त्याच्याबरोबर रिपोर्टावर बोट ठेवून पाहिलं.

पहिला संशयित पांढऱ्या पेशी. वीर्यात संसर्ग किंवा सूज असली की त्या गोळा होतात, आणि जंतू मारण्यासाठी ठिणग्या फेकणं हेच त्यांचं हत्यार. शुक्राणू सोडतो त्याच्या शेकडो, हजार पटीने जास्त ठिणग्या एक पांढरी पेशी सोडू शकते. मिलीलिटरमध्ये १० लाखांवर गेल्या तर डॉक्टर मनावर घेतात. लॅबवाले कधी 'पस सेल्स' लिहून मोकळे होतात. त्या गोल पेशी म्हणजे खरोखर पांढऱ्या पेशी की अर्धवट पिकलेल्या शुक्रपेशी, हे वेगळं रंगवून पाहावं लागतं.

दुसरा व्हेरिकोसील. अंडकोषाच्या वरच्या शिरा फुगतात, रक्त तुंबतं, बहुतेक वेळा डाव्या बाजूला. साधारण १०० पुरुषांत १५ जणांना असतो, आणि मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्या पुरुषांत ३५ ते ४० जणांना. दुखतोच असं नाही. उभं करून, हाताने तपासून बहुतेकदा कळतो. तुंबलेल्या रक्ताने उष्णता वाढते आणि ठिणग्याही. शिरा हाताला लागत असतील आणि रिपोर्टही बिघडलेला असेल, तर शस्त्रक्रियेने पुष्कळांचा रिपोर्ट सुधारतो. दुरुस्त होण्यासारखं हे सगळ्यात ठळक कारण आहे आणि नेमकी हीच तपासणी लाजेने टळते. मावसभावाला डॉक्टरांनी पँट उतरवायला सांगितली तेव्हा याने 'पुढच्या वेळी' म्हणून पळ काढला होता. मी चिडलो. चार वर्षांत त्याच्या बायकोच्या सोनोग्राफ्या झाल्या, रक्ततपासण्या झाल्या, रवळनाथाला गाऱ्हाणं घालून झालं, आणि याची पहिली तपासणी आत्ता. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या वेळा पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणासोबत. सर्वांत स्वस्त, बिनदुखाची तपासणी सर्वांत शेवटी करायची, हा आपला उफराटा कारभार.

तिसरी उष्णता. अंडकोष शरीराबाहेर लटकतात ते उगीच नाही. त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंडावा लागतो. ट्रॉलरचं इंजिनघर आठवा. तासन्‌तास बसून चालवलेली गाडी, मांडीवरचा लॅपटॉप, आणि पावसाळ्यानंतरचा लेप्टो, डेंगी किंवा मलेरियाचा ताप, हेही त्यातच. तापानंतर दोन-तीन महिने रिपोर्ट खराब येऊ शकतो. दिवाळीआधी तापाने पडलेल्याने दिवाळीनंतर लगेच तपासणी करून हाय खाऊ नये.

चौथी तंबाखू. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या वीर्यात पांढऱ्या पेशी आणि ठिणग्या दोन्ही वाढलेल्या दिसतात. तंबाखूत कॅडमियम असतं, तेही या कामात भर घालतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तो कुठे मिळतो हे मी मावसभावाला विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

मधुमेह, वाढलेलं पोट आणि दारू यांच्यावर वेगळं लिहायला हवं. फवारणीबद्दल मात्र दोन वाक्यं. मोहोर आल्यावर उंच हापूसच्या झाडावर वरून औषध उडतं आणि खाली उभ्या माणसाच्या तोंडाला साधा रुमालही नसतो. १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक बनवणाऱ्या कामगारांनाच आपसात बोलताना लक्षात आलं होतं की आपल्यापैकी अनेकांना मुलंच होत नाहीयेत. तपासलं तर कित्येकांच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते. ते औषध ठिणग्यांपेक्षा वेगळ्या वाटेने घात करत होतं, पण फवारणाऱ्याच्या शरीरात औषध कुठवर पोचतं हे त्यावरून कळावं.

आता या आगीत नेमकं जळतं काय? आधी आवरण: ते ताठर होतं, शेपूट दमतं. रिपोर्टात गती कमी दिसते ती यामुळे. दुसरं नुकसान डोक्यातल्या डीएनएचं. तो तिथे सुताच्या गुंडीसारखा घट्ट आवळलेला असतो, म्हणून बराच सुरक्षित. पण गुंडी सैल राहिली असेल तर ठिणग्या आत शिरून धागा तोडतात. बाकी पेशी असे तुटलेले धागे सांधत बसतात, शुक्राणूजवळ दुरुस्तीची सोय जवळजवळ नाही. अंडं काही सांधून घेतं, विशेषतः तरुण बाईचं. तुटणं फार असेल तर गर्भ राहत नाही किंवा पडतो. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांत म्हणूनच डीएनए फ्रॅगमेंटेशनची तपासणी विचारात घेतात. पहिल्याच फेरीत सगळ्यांना ती लागत नाही. ठिणग्या मोजण्याच्या चाचण्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत अजून प्रगत तपासण्यांच्या यादीत आहेत, रोजच्या नव्हेत. कुणी सुरुवातीलाच महागडी चाचणी सांगितली तर 'हिच्यामुळे उपचार बदलणार का?' एवढं विचारावं.

त्याच पुस्तिकेतले खालच्या मर्यादेचे आकडे असे: वीर्य १.४ मिलीलिटर, एका मिलीलिटरात १ कोटी ६० लाख शुक्राणू, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, आकाराने नीट ४ टक्के. ४ वाचून घाबरू नका. शंभरातले शहाण्णव वेडेवाकडे असणं माणसाच्या जातीत चालतं. शिवाय ही पास-नापासाची रेषा नाही. ज्यांना वर्षभरात मूल राहिलं अशा पुरुषांतले सर्वांत खालचे ५ टक्के या रेषेखाली होते, एवढाच तिचा अर्थ. आणि वीर्य पातळ दिसतं म्हणून 'धातू गेली' हे तर सोडूनच द्या. वीर्यात शुक्राणूंचा भाग पाचेक टक्क्यांहून जास्त नसतो. जाड-पातळ काय ते बाकीच्या द्रवाचं.

मावसभावाचा आकडा १ कोटी ८० लाख, म्हणजे ठीक. पुढे सरकणारे फक्त ११ टक्के. एवढी तफावत बघून मी विचारलं, नमुना दिलास कुठे?

"घराकडे दिलंय. मगे मोटारसायकलीन कुडाळाक."

किती वेळ लागला?

"दीड तास. पण मी बर्फात घालून नेलंय ना."

मी कपाळावर हात मारला. आयुष्य मासळीत गेलेला माणूस. नाशवंत माल बर्फात, एवढं त्याच्या हाडात भिनलेलं. मासळीला ते बरोबर, थंडीत चरबी खवट व्हायला वेळ लागतो. पण हा माल जिवंत. एकदम थंडी लागली की शुक्राणूंची शेपटं तिथेच थबकतात. शुक्राणू गोठवून वर्षानुवर्षं ठेवतात हे खरं, पण त्यासाठी वेगळा द्रव मिसळून, शिस्तीने थंड करत, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये. थर्माकोलच्या पेटीत नव्हे. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून आणायचाच तर अंगाशी धरून, शरीराच्या उबेत, अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचवावा. त्याआधी दोन ते सात दिवसांचा संयम. एकाच रिपोर्टावर निकाल न लावता दुसरा करावा. गुहागर-वेंगुर्ल्याच्या आडगावातून तालुक्याला पोचायलाच तास जातो, तेव्हा आपल्याकडच्या किती 'कमी गती'च्या रिपोर्टांत एसटीचा वाटा असेल, असं मला आपलं वाटून जातं.

राहिल्या गोळ्या. अँटिऑक्सिडंटच्या पट्ट्या मेडिकलमध्ये ढिगाने आहेत आणि तर्क ऐकायला गोड आहे: आग आहे, पाणी ओता. पण मोठे प्रयोग निराश करतात. अमेरिकेत २३७० पुरुषांवर सहा महिने जस्त आणि फॉलिक आम्लाचा प्रयोग झाला, २०२० मध्ये निष्कर्ष आले. गोळी घेणाऱ्यांपैकी ३४ टक्के जोडप्यांना मूल झालं, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के. डीएनए तुटण्याचं प्रमाण गोळीवाल्यांत उलट थोडं जास्त निघालं. त्याच वर्षी सी, ई, सेलेनियम, कार्निटीन, लायकोपीन वगैरे एकत्र देऊन केलेल्या दुसऱ्या प्रयोगातही सुधारणा दिसली नाही. भाजावळीचा मुद्दा इथे आठवा. शिवाय बिडीचं थोटूक गवतात तसंच असेल तर पाणी किती ओतणार? कोकमाच्या सालीतलं गार्सिनॉल काचेच्या नळीत झकास अँटिऑक्सिडंट आहे, म्हणून सोलकढीने बाप होता येतं असं कुणी सांगितलं तर सोलकढी प्या आणि बाकीचं सोडून द्या. पेरू, आवळा, पालेभाजी, ताजा बांगडा-तारली हे खाण्यात असावंच, औषध म्हणून नव्हे. जिममधली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं मात्र कटाक्षाने टाळा. ती बाहेरून घेतली की मेंदूला वाटतं माल पुरेसा आहे, आणि शुक्राणूंचा कारखाना बंद पडतो.

साठवून ठेवण्याची कल्पनाही उलटी. बरेच नवरे 'योग्य दिवसा'साठी दोन-दोन आठवडे राखून ठेवतात. साठवणीच्या नळीत शुक्राणू जितके जास्त दिवस पडून राहतात, तितका ठिणग्यांचा मार खातात. दर दोन-तीन दिवसांनी संबंध, हे बरं. नवरा मुंबईला आणि बायको गावाला असेल, भेट गणपती आणि शिमग्यालाच होत असेल, तर मात्र ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसपर्यंत जायचीही गरज नाही. कारण एसटीच्या वेळापत्रकातच आहे.

मावसभाऊ बराच वेळ गप्प बसला. मग पंचांगाच्या कॅलेंडरकडे बघत त्याने नेमकं विचारलं, आज तंबाखू टाकली तर फरक कधी दिसणार?

एक शुक्राणू मुळापासून तयार व्हायला साधारण ७४ दिवस, मग साठवणीच्या नळीतून पिकत बाहेर यायला आठ-दहा दिवस. धरा ८४. मासेमारीबंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, ६१ दिवस. इंजिनघरापासून लांब, ही आयती संधी. पण बंदी उठते तेव्हा १ जूनला सुरू झालेला शुक्राणू अजून पुरता तयार झालेला नसतो. हिशेब २४ ऑगस्टवर येतो. निदान तोवर इंजिनघराची पाळी दुसऱ्याला द्यायला तांडेलाशी बोल, असं मी म्हटलं. पण त्याआधी याच आठवड्यात लॅबमध्ये बसून एकदा नमुना दे, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा निमूट पँट उतरव.

त्याने कॅलेंडरवर बोटाने दिवस मोजले, दोनदा मोजले.

"म्हंजे गणपतीच्या आसपास," तो उठता उठता म्हणाला. चप्पल घालून पायरीवर थांबला. "आणि बर्फ नको मा?"